अमेरिकेतील घराच्या लॉनची कापणी : किती खर्च धरावा?
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपार्टमेंट सोडून पहिल्यांदाच स्वतंत्र घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने न्यू जर्सी आणि टेक्सास या दोन राज्यांतील असून सर्व रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आहेत. दर शहरानुसार, इतकेच नव्हे तर मोहल्ल्यानुसारही बदलतात, त्यामुळे येथील आकडे अंदाजपत्रक मांडण्यासाठी वापरावेत.

पाव एकराच्या घरासाठी एका कापणीचे किती पैसे पडतात?

साधारणपणे ४० ते ६० डॉलर. अमेरिकी एकर ४३,५६० चौरस फुटांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने ४० गुंठ्यांचा असतो, त्यामुळे पाव एकराचा प्लॉट म्हणजे १० गुंठे जमीन. मात्र त्यातून घराचा पाया, गॅरेज, ड्राइव्ह-वे, डेक आणि फुलझाडांचे वाफे वगळले, की प्रत्यक्ष कापायचे गवत बहुधा ५,००० ते ७,००० चौरस फूटच उरते. अर्ध्या एकराच्या प्लॉटसाठी दर ६० ते ९० डॉलरच्या आसपास जातो आणि पूर्ण एकरासाठी १०० ते १५० डॉलर सांगितले जातात. डॅलसच्या उपनगरांतील दर न्यू जर्सीपेक्षा बऱ्याचदा पाच-दहा डॉलरने कमी असतात. तेथे प्लॉट लहान आणि सपाट असतात, घरे एकमेकांना लागून असतात आणि मजुरीही तुलनेने स्वस्त आहे.

आमचे लॉन अगदी लहान आहे. तरीही दर ३५-४० डॉलरच्या खाली का येत नाही?

या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतील. लॉनवाला आपल्याकडून जे पैसे घेतो, त्यांत गवताचा वाटा थोडा आणि थांब्याचा वाटा मोठा असतो. ट्रक आपल्या दारापर्यंत आणणे, ट्रेलरची फळी खाली टाकून यंत्रे उतरवणे, काम झाल्यावर ती पुन्हा चढवून बांधणे आणि पुढच्या घराकडे निघणे हा सगळा वेळ लॉन दोन गुंठ्यांचे असो वा सहा गुंठ्यांचे, सारखाच लागतो. मोठ्या कापणीयंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला दोन हजार चौरस फूट अधिक कापायला काही मिनिटेच पुरतात, परंतु तुमच्या घरासाठी वाट वाकडी करून यायला वीस मिनिटे लागत असतील, तर ती वीस मिनिटे दरात धरावीच लागतात.

खर्चाची दुसरी बाजूही पाहावी. दोन माणसांनी २५ मिनिटे काम केले, तर पाऊण तासाहून अधिक मनुष्यवेळ खर्च होतो. न्यू जर्सीतील किमान वेतन १ जानेवारी २०२५ पासून ताशी १५.४९ डॉलर झाले आणि उन्हातान्हात यंत्र चालवणारा अनुभवी माणूस किमान वेतनावर टिकत नाही. त्यावर मालकाने भरायचे वेतन-कर, कामगारांच्या अपघाताचा विमा, इंधन, पाती आणि यंत्रांची झीज चढते. मजुरांची टंचाई हेही दर चढे राहण्याचे एक कारण आहे. हंगामी मजूर आणण्यासाठीचा ‘एच-२बी’ व्हिसा सर्वाधिक वापरणारा व्यवसाय लॉन व बागकामाचाच आहे आणि त्या व्हिसाची मूळ वार्षिक मर्यादा सर्व व्यवसायांना मिळून ६६,००० एवढीच आहे.

यावरून दर कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्गही कळतो. आपल्या गल्लीत आधीपासूनच येणाऱ्या लॉनवाल्याला विचारावे. शेजारच्या तीन घरांचे काम करणाऱ्याला चौथे घर मिळाले, तर त्याचा प्रवास शून्य होतो आणि तो पाच डॉलर सहज सोडतो. दूरच्या एखाद्या नावाजलेल्या कंपनीशी तासभर घासाघीस करूनही हे साधत नाही.

ठरलेल्या दरात कोणकोणती कामे येतात?

सर्वसाधारणपणे चार: गवत कापणे, कुंपण व झाडांच्या बुंध्यांभोवती ट्रिमर (फिरत्या दोरीने गवत छाटणारे हातयंत्र) फिरवणे, पदपथ आणि ड्राइव्ह-वेच्या कडा सरळ करणे (ज्याला सगळे ‘एजिंग’ म्हणतात) आणि शेवटी कापलेले गवत ब्लोअरने, म्हणजे हवेच्या झोताच्या यंत्राने, झाडून घेणे. एजिंगबाबत मात्र आधीच स्पष्ट बोलावे. काही जण ते प्रत्येक फेरीला करतात, काही महिन्यातून एकदा करतात आणि काही त्याचे वेगळे पैसे लावतात.

कापलेले गवत पिशव्यांत भरून न्यायचे असल्यास प्रत्येक फेरीला साधारण ५ ते १५ डॉलर अधिक पडतात. हा खर्च बहुतेकांनी करू नये असे आमचे मत आहे. नियमित कापलेल्या गवताचे बारीक तुकडे लॉनवरच पडू दिले, तर ते काही दिवसांत कुजतात आणि लॉनला वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा मोठा हिस्सा त्यांतूनच परत मिळतो. पैसे देऊन खत बाहेर पाठवायचे आणि पुन्हा पैसे देऊन खत विकत आणायचे, असा तो व्यवहार होतो.

दर आठवड्याला कापून घ्यावे, की पंधरा दिवसांनी चालते?

हिशेब मांडला, तर पंधरवड्याची कापणी स्वस्त दिसते. आठवड्याला ५० डॉलर या दराने २८ फेऱ्यांचे १,४०० डॉलर होतात. पंधरा दिवसांनी येणारा लॉनवाला प्रत्येक फेरीचा दर चढवून, समजा, ६५ डॉलर घेतो आणि १४ फेऱ्यांचे ९१० डॉलर होतात. फेरीचा दर वाढतो, कारण दुप्पट वाढलेले गवत कापताना यंत्र हळू चालवावे लागते, गवताचे पुंजके साचतात आणि कित्येकदा त्याच जागेवरून दोनदा फिरावे लागते.

परंतु एकाच कापणीत गवताच्या उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक भाग छाटू नये, हा लॉनच्या देखभालीतील जुना नियम आहे. न्यू जर्सीतील लॉनमध्ये मुख्यतः केंटकी ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यू ही थंड हवामानातील गवते असतात आणि ती सुमारे तीन ते साडेतीन इंच उंचीवर ठेवणे हिताचे असते. मे महिन्यात हे गवत इतक्या वेगाने वाढते, की पंधरा दिवसांत हा नियम मोडतोच. मुळे दुबळी होतात, जमीन उघडी पडते आणि त्या जागी तण शिरते. उन्हाळ्याच्या मध्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, तेच गवत जवळजवळ थांबते आणि तेव्हा पंधरवडाही पुरतो. म्हणून एप्रिल ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठवड्याला, मधल्या काळात पंधरा दिवसांनी, असा करार जो मान्य करील तो लॉनवाला सोडू नये. सर्वच मान्य करीत नाहीत, कारण त्यांना आठवड्याचा मार्ग बांधून ठेवायचा असतो.

टेक्सासमधील बर्म्युडा गवताची गोष्ट उलटी आहे. ते उन्हाळ्यातच सर्वांत जोमाने वाढते, एक ते दोन इंचांवर कापलेले चांगले दिसते आणि जूनमध्ये पंधरवड्याची कापणी त्याला मुळीच मानवत नाही.

मग वर्षाकाठी एकूण किती रक्कम बाजूला ठेवावी?

न्यू जर्सीत कापणीचा हंगाम एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. पाव एकरासाठी ५० डॉलरप्रमाणे २८ फेऱ्यांचे १,४०० डॉलर धरले आणि वसंतातील व पानगळीतील अशा दोन साफसफायांचे प्रत्येकी ३५० डॉलर मिळवले, तर २,१०० डॉलर होतात. त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर लागल्यावर आकडा सुमारे २,२४० डॉलरवर जातो. खते, तणनाशके आणि इतर कामे यात धरलेली नाहीत.

डॅलस परिसरात हंगाम मार्च ते नोव्हेंबर असा लांब असतो. ४५ डॉलरप्रमाणे ३४ फेऱ्यांचे १,५३० डॉलर आणि ८.२५ टक्के कर धरून साधारण १,६५६ डॉलर होतात. तेथे पाने गोळा करण्याचा खर्च बहुतेक घरांना कमी येतो, मात्र हिवाळ्याच्या अखेरीस बर्म्युडा गवत एकदा अगदी खोलवर कापून घेण्याची रीत आहे आणि त्या एका फेरीचे पैसे दुपटीहून अधिक पडू शकतात. फ्लोरिडात गवत हिवाळ्यातही पूर्ण थांबत नाही, त्यामुळे तेथील करार बारमाही असतात.

दरमहा ठरावीक रक्कम देणे बरे, की फेरीगणिक पैसे देणे?

ठरावीक रकमेच्या करारात हंगामाच्या एकूण खर्चाचे समान हप्ते पाडलेले असतात. बजेट सांभाळायला हे सोयीचे आहे, पण त्या हप्त्यामागे किती फेऱ्या धरल्या आहेत, हे लेखी घ्यावे. ‘आवश्यकतेनुसार कापणी’ एवढेच लिहिलेला करार लॉनवाल्याच्या बाजूने झुकलेला असतो.

फेरीगणिक पैसे देताना कोरड्या आठवड्यांचा प्रश्न उद्भवतो. पाऊस नसलेल्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतील पाणी न दिलेले लॉन पिवळे पडून सुप्तावस्थेत जाते. ते मेलेले नसते आणि त्यावरून जड यंत्र फिरवल्याने नुकसानच अधिक होते. अशा वेळी फेरी वगळण्याचा अधिकार कोणाला आणि किती दिवस आधी कळवायचे, हे एप्रिलमध्येच ठरवून घ्यावे. फेरी वगळल्यास निम्मा दर आकारणारेही आहेत. मागे सांगितलेल्या थांब्याच्या हिशेबाने त्यात सर्वस्वी अन्याय नाही, फक्त ते आधी सांगितलेले असावे.

या सेवेवर विक्रीकर लागतो का?

राज्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीत लॉनच्या देखभालीवर ६.६२५ टक्के कर आहे. टेक्सासमध्ये राज्याचा ६.२५ टक्के आणि त्यावर स्थानिक कर मिळून तो कमाल ८.२५ टक्के होतो. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्कमध्येही ही सेवा करपात्र आहे, तर कॅलिफोर्नियात केवळ गवत कापण्याच्या मजुरीवर विक्रीकर नाही. दोन दरांची तुलना करताना कर धरलेला आहे की नाही, हे विचारले नाही, तर स्वस्त वाटलेला दर महाग निघतो.

सारख्याच आकाराच्या दोन घरांना वेगवेगळे दर का सांगितले जातात?

फाटक हे त्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. व्यावसायिक यंत्रांची कापणीची रुंदी बऱ्याचदा ४८ ते ६० इंच असते आणि आपल्या बॅकयार्डच्या कुंपणाला ३६ इंचांचे फाटक असेल, तर ते यंत्र आत जातच नाही. मग मागचे सगळे लॉन लहान यंत्र ढकलत कापावे लागते आणि दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. नवे कुंपण घालणार असाल, तर पाच फुटांचे फाटक बसवून घ्यावे.

चढ-उतार, उघडी मुळे, मुलांचे झोके आणि ट्रॅम्पोलिन, कोपऱ्याच्या प्लॉटवरील पदपथापलीकडची पट्टी, यांनीही दर वाढतो. कुत्र्याची घाण उचललेली नसेल, तर काही जण काम न करताच परत जातात आणि फेरीचे पैसे लावतात. तक्रारीला तेथे फारशी जागा नाही.

गवत एक फुटावर वाढू दिलेल्या लॉनची पहिली कापणी नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक दराने होते. ताबा उशिरा मिळालेल्या घरात बऱ्याचदा हाच पहिला खर्च असतो.

क्लीनअप, एअरेशन, खते यांचे पैसे किती?

ही कामे कापणीत येत नाहीत. पानगळीनंतरच्या साफसफाईला पाव एकरासाठी साधारण २५० ते ५०० डॉलर लागतात आणि अंगणात जुने ओक असतील, तर एका फेरीत ते काम संपतही नाही. जमीन भुसभुशीत करण्यासाठी छिद्रे पाडून घेणे, म्हणजे एअरेशन, १०० ते २०० डॉलरच्या घरात जाते. बी टाकून घ्यायचे असल्यास त्याचे पैसे वेगळे.

खते व औषधे फवारणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. व्यवसाय म्हणून तणनाशके वा कीटकनाशके फवारण्यासाठी राज्याचा परवाना लागतोच, शिवाय न्यू जर्सीत २०११ साली झालेल्या कायद्यानुसार व्यावसायिकांना खत टाकण्यासाठी रटगर्स विद्यापीठामार्फत दिले जाणारे प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्याच कायद्याने १ डिसेंबर ते १ मार्च या काळात व्यावसायिकांना आणि १५ नोव्हेंबरपासून घरमालकांना खत टाकण्यास मनाई केली आहे. तेव्हा डिसेंबरात ‘हिवाळी खता’चे पॅकेज विकायला येणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

कोणी २५ डॉलरमध्ये करायला तयार असेल, तर काय हरकत आहे?

विमा असेल, तर काहीच हरकत नाही, परंतु त्या दरात विमा परवडणे कठीण असते. ट्रिमरच्या दोरीने उडालेला खडा शेजाऱ्याच्या गाडीची काच फोडू शकतो, उतारावर यंत्र उलटून माणूस जखमी होऊ शकतो आणि अशा वेळी विमा नसलेल्या कामाची जबाबदारी घरमालकाच्या अंगावर येण्याचा धोका असतो. म्हणून सार्वजनिक दायित्वाच्या आणि कामगारांच्या अशा दोन्ही विम्यांचे प्रमाणपत्र मागावे. खरा व्यावसायिक ते त्याच दिवशी ईमेलने पाठवतो. स्प्रिंक्लरचे डोके तुटल्यास भरपाई कोण देणार, हेही याच वेळी बोलून घ्यावे.

स्वतःची यंत्रे आणून, स्वतःच्या पद्धतीने अनेक घरांची कामे करणारा माणूस स्वतंत्र व्यावसायिक मानला जातो. मात्र आपणच एखाद्याला ठेवून घेतले, आपली यंत्रे दिली आणि काम कसे करायचे तेही आपणच ठरवत असलो, तर तो घरचा कर्मचारी ठरू शकतो आणि २०२५ साली त्याला २,८०० डॉलर किंवा अधिक रोख वेतन दिले असल्यास सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे कर भरण्याची जबाबदारी मालकावर येते.

शेजारच्या शाळकरी मुलाला काम दिले तर?

पैसे वाचतात, २० ते ३० डॉलरमध्ये काम होते आणि ओळखही वाढते. वयाचे मात्र पाहावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या शिफारशीनुसार ढकलण्याचे यंत्र चालवण्यासाठी किमान १२ आणि बसून चालवण्याच्या यंत्रासाठी किमान १६ वर्षे वय असावे. उतार किंवा खड्डे असलेल्या लॉनसाठी हा पर्याय आम्ही सुचवणार नाही.

सुट्टीत सहा आठवडे भारतात जायचे असेल, तर सेवा बंद करावी का?

जून-जुलैमध्ये जात असाल, तर मुळीच नाही. बहुतेक नगरपालिकांनी गवताच्या उंचीवर मर्यादा घातलेली असते, ती साधारण ८ ते १२ इंचांची असते. ती ओलांडली की नोटीस लागते आणि मुदतीत कापणी झाली नाही, तर पालिका आपली माणसे लावून त्याचे बिल दंडासह पाठवू शकते. सहा फेऱ्यांचे ३०० डॉलर त्यापुढे स्वस्त पडतात. शिवाय वाढलेले गवत घर बंद असल्याची जाहिरातच करते. जाण्यापूर्वी फाटकाच्या कुलपाची व्यवस्था करावी आणि पैसे आगाऊ देण्याऐवजी ‘झेल’ (Zelle) किंवा ‘व्हेन्मो’ यांसारख्या फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने प्रत्येक फेरीनंतर पाठवावेत. काम झाल्याचा फोटो मागण्यात संकोच करू नये. डिसेंबरात जाणाऱ्यांना अर्थातच हा प्रश्न नाही.

आमच्या सोसायटीचे असोसिएशन शुल्क घेते. त्यात कापणी येते का?

टाउनहाउसमध्ये बहुधा येते, स्वतंत्र घरांच्या वसाहतीत बहुधा येत नाही. टेक्सासमधील अनेक वसाहतींत असोसिएशन कापणी करून देत नाही, पण लॉन वाढले की पत्र मात्र पाठवते. घर घेताना मिळालेल्या नियमावलीत हे लिहिलेले असते.

बॅटरीवरील यंत्रांमुळे दर वाढतील का?

काही ठिकाणी वाढलेले आहेत. वॉशिंग्टन डीसीमध्ये १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलवरील लीफ ब्लोअरच्या वापरास बंदी आहे आणि कॅलिफोर्नियाने २०२१ साली केलेल्या कायद्याच्या आधारे २०२४ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या लहान इंजिनांना उत्सर्जनशून्यतेची अट घातली. दिवसभर पुरतील इतक्या बॅटऱ्या विकत घेणे लहान लॉनवाल्याला जड जाते आणि तो खर्च ग्राहकाकडेच येतो. रविवारी सकाळी झोपमोड होत नाही, हा फायदा ज्याने त्याने हिशेबात धरावा.

स्वतःच कापले, तर किती बचत होते?

२१ इंची बॅटरीचे यंत्र ४०० ते ७०० डॉलरला मिळते, ट्रिमर आणि ब्लोअर धरून पहिल्या वर्षी साधारण १,००० डॉलर लागतात. म्हणजे पाव एकराच्या घरात पहिल्याच हंगामात खर्च निघून येतो. त्या बदल्यात दर आठवड्याला सुमारे एक तास द्यावा लागतो आणि तो तास जूनच्या शनिवारी, पाऊस नसेल तेव्हाच मिळतो. रोबोट यंत्रे एक हजार डॉलरपासून पुढे उपलब्ध आहेत आणि मोकळ्या, सपाट लॉनवर ती चांगली चालतात, पण कडा कापणे आणि बुंध्यांभोवतीचे गवत काढणे हातानेच करावे लागते. पराग किंवा गवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी बचतीचा मोह सोडलेला बरा.

टिप द्यावी लागते का?

प्रत्येक फेरीला नाही. वर्षअखेरीस एका फेरीच्या दराएवढी रक्कम देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. काम दोन-तीन जण करीत असतील, तर ती मालकाच्या खात्यात न पाठवता हंगामाच्या शेवटच्या फेरीला थेट त्यांच्या हाती रोख द्यावी. कडक उन्हात थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या, तर त्यांचे स्वागत होते.